शिक्षणासाठी काढलेले कर्ज : एक हिशेब

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या प्रबोधनपर कार्यक्रमात अभ्यासवर्गाच्या वतीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी बाहेरचे वक्ते येतात, मोठ्या विषयांवर बोलतात. या वर्षी समितीने आम्हाला सांगितले, "तुम्ही रविवारी अभ्यासिकेत जे काम करता, तेच लोकांपुढे मांडा." आम्ही म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले दोघे, एक शिक्षिका आणि विद्यापीठाच्या कार्यालयात आयुष्य घालवलेले एक गृहस्थ. वंदना झाली की आम्ही बाजूच्या खोलीत बसतो. मुलांचे फॉर्म भरून देतो, शिष्यवृत्तीची कागदपत्रे बघतो, कुणाला बँकेचे पत्र आले तर वाचून दाखवतो. आम्ही विद्वान नाही. पण या खोलीत बसून जे दिसले ते वस्तीतल्या प्रत्येक घराशी संबंधित आहे, म्हणून बोलायला उभे राहिलो.

एका रविवारी एक ताई आल्या. पदरात घडी घातलेला कागद होता. म्हणाल्या, "भाऊ, जरा वाचून सांगा. पोरगा म्हणतो काही नाही, पण चार रात्री तो झोपला नाही." कागद बँकेच्या नोटिशीचा होता. मुलगा एका खाजगी कॉलेजातून इंजिनिअर झाला. फीसाठी चार वर्षांत चार लाख कर्ज काढले होते. पास होऊन दोन वर्षे झाली होती. नोकरी लागली, पण पगार पंधरा हजार. हप्ते सात-आठ महिने थकले होते. ताईंना वाटत होते की आता बँक खोलीला कुलूप लावणार. आम्ही कागदपत्रे पाहिली. घर तारण नव्हते, ती भीती खोटी निघाली. पण सहकर्जदार म्हणून ताईंची सही होती. ताई म्हणाल्या, "मला वाटलं, शाळेच्या फॉर्मवर करतो तशी सही आहे."

बांधवांनो, त्या मुलाने काही चैन केली नाही. आईनेही चुकीचा विचार केला नाही. शिकवायचे, पोटाला चिमटा घेऊन शिकवायचे, हेच तर आपल्याला शिकवले गेले. चूक एकच झाली. सही करण्यापूर्वी कुणी हिशेब करून दाखवला नाही. तो हिशेब आज आपण सगळे मिळून करू. वही-पेन्सिल असेल तर लिहून घ्या.

चार लाखांचे आठ लाख कसे होतात

धरून चला की दरवर्षी एक लाख, असे चार वर्षांत चार लाख घेतले आणि व्याज ११ टक्के आहे. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. याला बँकेत 'मोरेटोरियम' म्हणतात. लोकांना वाटते, या काळात व्याजही नाही. तसे नसते. व्याज पहिल्या दिवसापासून चालू असते, फक्त मागत नाहीत एवढेच.

पहिल्या लाखावर पाच वर्षांचे सरळ व्याज होते ५५,०००. दुसऱ्या लाखावर चार वर्षांचे ४४,०००. तिसऱ्यावर ३३,०००. चौथ्यावर २२,०००. एकूण १,५४,०००. म्हणजे पहिला हप्ता सुरू होतो त्या दिवशी कर्ज चार लाख नसते, ५,५४,००० असते. हे सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ९,५०० रुपये हप्ता बसतो. सात वर्षांत भरणा होतो जवळजवळ आठ लाख. हप्ता हलका करावा म्हणून दहा वर्षे मुदत घेतली तर हप्ता ७,६०० वर येतो, पण एकूण भरणा नऊ लाखांच्या वर जातो.

आता दुसऱ्या बाजूला पगार ठेवा. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तेव्हा पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरवले. प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ साली ६,००० वरून १६,००० केले गेले, आणि शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे काढावी लागतात. खाजगीत पहिल्या नोकरीला बारा-पंधरा हजार मिळतात, असे आमच्याकडे येणारी बहुतेक मुले सांगतात. दहा हजारांतून साडेनऊ हजार गेले तर उरले काय? पाचशे रुपये. लोकलचा पास तरी निघतो का त्यात?

म्हणून आम्ही सांगतो की पदवीची कमाई म्हणजे नुसता पगार नव्हे. पगारातून हप्ता वजा करा, उरेल ती कमाई. वीस हजार पगार आणि साडेनऊ हजार हप्ता, ही कमाई साडेदहा हजारांचीच. बिनकर्जाच्या पदवीवर पंधरा हजार मिळवणारा मुलगा त्याच्यापेक्षा पुढे आहे, हे लग्नाच्या बैठकीत कुणी विचारात घेत नाही.

आणि पदवी मिळाली की नोकरी मिळतेच, असेही राहिलेले नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ साली भारतातील रोजगाराचा अहवाल काढला. त्यानुसार २०२२ साली तरुण पदवीधरांमध्ये बेरोजगारी २९.१ टक्के होती, आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांमध्ये ३.४ टक्के. हा आकडा ऐकून कुणी म्हणेल, "मग शिकायचं कशाला?" तसा अर्थ काढू नका. न शिकलेला माणूस घरी बसूच शकत नाही, मिळेल ते काम तो करतो. शिकलेला काही काळ योग्य कामाची वाट बघतो. पण बँकेचे कर्ज वाट बघत नाही.

बाबासाहेबांनीही कर्ज काढले होते

काही जण म्हणतील, शिक्षणाच्या बाबतीत पैशाचा हिशेब करणे हे आपल्याला शोभत नाही. त्यांनी बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा वाचावे. मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी त्यांनी मिळवली ती बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या महिना २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीवर. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यासाठी शब्द टाकला होता. पुढे १९१३ साली कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मिळाली, पण त्यासाठी करारावर सही करावी लागली की शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करू. १९१७ साली मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धे टाकून परत यावे लागले. बडोद्यात राहायला जागा मिळू दिली नाही, तो इतिहास आपल्याला पाठ आहे.

त्यानंतरचा भाग आपण कमी सांगतो. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार महिना ४५० रुपये. त्यातून काटकसर करून पैसे बाजूला टाकले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या पारशी मित्राकडून ५,००० रुपये कर्ज घेतले. एवढी तजवीज झाल्यावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, आणि डी.एस्सी. व बॅरिस्टर होऊन आले.

बघा, पाच हजार कर्ज आणि साडेचारशे पगार. म्हणजे अकरा महिन्यांच्या पगाराइतके कर्ज. शिवाय आपल्याला काय शिकायचे, कुठे शिकायचे, किती शिल्लक राहिले आहे, हे सगळे त्यांना ठाऊक होते. आता त्या ताईंच्या मुलाचा हिशेब लावा. साडेपाच लाख कर्ज, पंधरा हजार पगार. सदतीस महिने! दहा हजार पगार धरला तर पंचावन्न महिने.

यावरून आम्ही अभ्यासिकेत एक साधा नियम केला आहे. कर्ज किती लाखांचे हे विचारू नका, किती महिन्यांच्या पगाराचे ते विचारा. पहिला हप्ता सुरू होईल त्या दिवशीची रक्कम पहिल्या पगाराच्या पंधरा महिन्यांपेक्षा जास्त असू नये. पंधरा महिन्यांचे कर्ज ११ टक्क्यांनी सात वर्षांत फेडले तर हप्ता पगाराच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतका बसतो. वीस हजार पगाराला तीन लाख, हप्ता सुमारे ५,१००. एवढा भार घर सोसू शकते.

आणि पगाराचा आकडा कॉलेजच्या जाहिरातीतला धरू नका. तिथे एका मुलाचे सर्वांत मोठे पॅकेज मोठ्या अक्षरात लिहिलेले असते. मागच्या दोन वर्षांत पास झालेल्या चार-पाच मुलांना गाठा आणि विचारा, "दादा, हातात किती येतात?" तोच खरा आकडा.

सरकारी विद्यापीठ हे आपले दार आहे

या हिशेबात सरकारी विद्यापीठाचे महत्त्व कळते. अनुदानित कॉलेजात साध्या पदवीची फी वर्षाला काही हजारांत भागते. म्हणून तर बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढले. गरिबाला कर्जाशिवाय पदवी मिळावी हे त्यामागे होते. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून १९७८ पासून लोकांनी मार खाल्ला, घरे जळाली, माणसे गेली, तेव्हा कुठे १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्या लढ्यातले काही जण आज इथे बसलेले आहेत. पण आता आपल्याच घरात ऐकू येते, "सरकारी कॉलेजात काय ठेवलंय?" आणि ज्याचे नावही धड ठाऊक नाही अशा खाजगी कॉलेजासाठी कर्ज काढले जाते.

मात्र आम्ही एकच बाजू सांगणार नाही. सरकारी विद्यापीठात शिकणारी मुलेही कर्जात जातात. फी कमी असली तरी खोलीभाडे, मेस, पुस्तके, प्रवास असतोच. शिवाय विद्यापीठांतही विनाअनुदानित अभ्यासक्रम वाढले आहेत आणि त्यांची फी वेगळी असते. शिष्यवृत्ती उशिरा येते. मग आई बचत गटातून उचल घेते, डोरले गहाण पडते, मामाकडून उसने आणले जातात. हे कर्ज बँकेच्या वहीत दिसत नाही, पण घराला ते दिसते.

यासाठी तीन गोष्टी नीट ध्यानात घ्या. पहिली, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. ही योजना १९४४ पासूनची. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात होते, त्यांच्या आग्रहातून ती आली. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर ती मिळते. २०२०-२१ पासून तिच्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के झाला, आणि केंद्राचा वाटा विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो. त्यातला फीचा भाग कॉलेजला भरायचा असतो. पुष्कळ घरांत खात्यावर पैसे आले की आजारपणात, भाड्यात जातात, आणि वर्षाअखेर कॉलेज फी मागते. ते पैसे आपले नव्हेत असे समजून त्याच आठवड्यात भरून पावती घ्या.

दुसरी, फ्रीशिप. उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेले म्हणून निराश होऊ नका. राज्य शासन शिकवणी व परीक्षा शुल्काचा भार उचलते, फॉर्म मात्र वेळेत भरला पाहिजे. तिसरी, स्वाधार योजना. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याला राहण्या-जेवणासाठी मदत मिळते, मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० पर्यंत. २०१६-१७ पासून ती चालू आहे आणि तिलाही उत्पन्नाची अट आहे. दाखले आधीच काढून ठेवा. १९९० साली कायद्यात बदल होऊन बौद्धांना केंद्राच्या सवलती खुल्या झाल्या. त्यासाठी किती वर्षे झगडावे लागले! आणि आपण जूनमध्ये दाखल्यासाठी धावाधाव करतो, हे बरे नव्हे.

कर्ज काढायचेच असेल तर

कर्ज म्हणजे पाप नव्हे. आमच्याच वस्तीतल्या एका मुलीने नर्सिंगसाठी दोन लाख कर्ज काढले. तिच्या वडिलांनी आधी येऊन विचारले. व्याजमाफीचा फॉर्म वेळेत गेला, म्हणून हप्ते सुरू झाले तेव्हा कर्ज दोन लाखच होते. पहिला पगार बावीस हजार. नऊ महिन्यांचे कर्ज झाले. तिने मुदत पाच वर्षांची ठेवली, हप्ता सुमारे ४,३५०. आज ती धाकट्या भावाला शिकवते आहे.

ही व्याजमाफी काय आहे, ते प्रत्येक आईबापाने समजून घ्यावे. २००९ साली केंद्र सरकारने योजना आणली की पालकांचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर तांत्रिक व व्यावसायिक शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाचे, हप्ता सुरू होईपर्यंतचे व्याज सरकार भरते. अभ्यासक्रम आणि संस्था मान्यतेच्या अटीत बसले पाहिजेत. साध्या बी.ए.ला ती लागू नाही. मघाच्या हिशेबात ही माफी मिळाली असती तर कर्ज ५,५४,००० ऐवजी चार लाख राहिले असते, हप्ता साडेनऊ हजारांऐवजी सुमारे ६,८५० बसला असता, आणि सात वर्षांत दोन लाखांहून अधिक रुपये वाचले असते. त्या ताईंच्या घरी हा फॉर्म कुणी दिला नाही, आणि त्यांनी मागितला नाही, कारण असा फॉर्म असतो हेच ठाऊक नव्हते. आम्ही त्यांच्याबरोबर बँकेत गेलो, मुदत वाढवून हप्ता कमी करून घेतला. पण ती माफी गेली ती गेली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली. निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळाला तर तारण व जामीन न घेता कर्ज, आणि उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंत व्याजात तीन टक्के सवलत. आपली संस्था त्या यादीत आहे का, हे प्रवेशापूर्वी बघा, नंतर नव्हे. परदेशी जायचे असेल तर आधी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती, यांचे अर्ज भरा. घर तारण ठेवून लाखो रुपये उचलणे ही शेवटची पायरी असू द्या.

शक्य असेल तर शिकत असतानाच व्याज भरत जा. एक लाखावर ते महिना सुमारे ९१७ रुपये होते. आणि हप्ता चुकू लागला तर लपवू नका. पहिल्याच महिन्यात बँकेत जाऊन लेखी अर्ज द्या. थकबाकीची नोंद मुलाच्या नावावर होते, तशी सहकर्जदार आईच्या नावावरही होते. उद्या धाकटीसाठी कर्ज मागायला गेलात तर ती आडवी येते.

एक गोष्ट सरकारकडेही मागितली पाहिजे. ऑस्ट्रेलियात १९८९ पासून अशी पद्धत आहे की पदवीधराचे उत्पन्न ठराविक मर्यादेच्या वर गेले तरच फीची परतफेड सुरू होते, आणि ती करातून वळती होते. नोकरी गेली तर हप्ता थांबतो. आपल्याकडे नोकरी असो वा नसो, तारीख आली की हप्ता मागतात. बेरोजगार मुलाकडून हप्ता मागू नये, आणि शिष्यवृत्ती वर्ष संपण्यापूर्वी मिळावी, या दोन मागण्यांसाठी आपण संघटितपणे निवेदने दिली पाहिजेत. नुसते घरात कुढून काही होणार नाही.

अनणसुख

विहारात बोलतो आहोत म्हणून शेवटी तथागतांची एक देशना आठवू. अनाथपिंडिकाला भगवंतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. आपल्या कष्टाचे धन असण्याचे सुख, ते उपभोगण्याचे सुख, कर्ज नसण्याचे सुख आणि निर्दोष वागण्याचे सुख. यातले तिसरे ते अनणसुख. अडीच हजार वर्षांपूर्वी बुद्धांना कर्जदाराची झोप कशी उडते ते ठाऊक होते. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी, आणि चौथा अडचणीच्या दिवसांसाठी जपून ठेवायचा. ज्याचे तीन-तीन भाग हप्त्यात जातात, त्याने अडचणीसाठी काय ठेवायचे?

माता-भगिनींनो, आमचे मागणे एवढेच आहे. मुलांना शिकवा, खूप शिकवा, विद्यापीठाच्या वरच्या पायरीपर्यंत न्या. पण कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो कागद घेऊन एकदा रविवारी या खोलीत या. आम्ही पैसे देऊ शकत नाही, तेवढी आमची ऐपत नाही. हिशेब करून देऊ. आणि ज्यांच्या घरी नोटीस आली असेल त्यांनी लाजू नये. त्या ताई आज समोर बसल्या आहेत. त्यांचा मुलगा आता दर रविवारी आमच्या शेजारी बसून इतरांचे फॉर्म भरून देतो. व्याजमाफीचा फॉर्म तो सगळ्यात आधी पुढे करतो.

 भवतु सब्ब मंगलं. जयभीम.